रेघा ओढायला आम्हाला तुमची वाक्ये द्या

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत मराठी आणि कृत्रिम बुद्धिमत्ता या विषयावरचा लेख वाचला. संगणकाला शिकवायला मराठीत मजकूर पुरेसा नाही, तो वाढवला पाहिजे, असा त्याचा सूर होता. ते खरेच आहे, पण माझी तक्रार जरा वेगळी आहे. जो मजकूर आहे त्यातल्या वाक्यांची आतली बांधणी आपण कुठे काढून ठेवलेली नाही. कोणता शब्द कोणावर अवलंबून आहे आणि कोण कोणाच्या पोटात आहे, हे मराठी वाक्यांना विचारायची सोयच जवळजवळ नाही. ती कशी होऊ शकते हे मी जर्मनीत पाहिले आहे. त्याबद्दल सविस्तर लिहिते, कारण शेवटी आपल्याकडे एक मागणे आहे.

मी पुण्यात गेली बावीस वर्षे जर्मन शिकवते. २००५ साली सहा महिने श्टुटगार्टला होते. तिथल्या विद्यापीठात तयार झालेली ‘टायगरसर्च’ नावाची प्रणाली मला एका सहकारी मैत्रिणीने दाखवली. वोल्फगांग लेझिउस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती बांधली होती. तिच्या पोटात ‘टायगर’ नावाचा वाक्यसंग्रह घालून शोध घेता येतो. सुमारे ५०,००० जर्मन वाक्ये, सुमारे ९ लाख शब्द, आणि प्रत्येक वाक्याचे झाड काढलेले. वर ‘वाक्य’ ही गाठ, तिच्याखाली नामसमूह, क्रियापदसमूह, आणि तळाशी एकेक शब्द. गाठीला गाठ जोडणाऱ्या फांदीवर नाते लिहिलेले असते: हा कर्ता, हे कर्म, हे मुख्य पद. संगणकाने आधी अंदाज करायचा आणि माणसाने तो तपासून पक्का करायचा, अशा पद्धतीने हे काम झाले.

मला खरा आनंद झाला तो त्यातल्या चित्ररूप शोधाचा. शोधाची एक चिन्हभाषा आहे. मोठेपणाचे चिन्ह म्हणजे ‘हिच्याखाली ती’, पूर्णविराम म्हणजे ‘हिच्यानंतर लगेच ती’, डॉलर म्हणजे ‘या दोघी भावंडे’. पण ती भाषा न शिकताही कोऱ्या पडद्यावर चौकटी मांडून त्यांच्यात रेघा ओढता येतात. आपण काढलेल्या चित्राची प्रणाली स्वतःच चिन्हभाषेत फोड करते आणि पन्नास हजार झाडांतून त्या आकाराशी जुळणारी झाडे समोर आणते, जुळलेल्या गाठी ठळक करून.

एक उदाहरण देते. जर्मन शिकणारा प्रत्येक मराठी विद्यार्थी तुटणाऱ्या क्रियापदांपाशी अडखळतो. ‘इश रूफे दिश मॉर्गन आन’, म्हणजे मी तुला उद्या फोन करीन. इथे ‘आनरूफेन’ हे एकच क्रियापद, पण त्याचा ‘आन’ तुटून वाक्याच्या टोकाला गेला आहे. हे शोधायला मी तीन चौकटी काढल्या. वर वाक्याची, खाली डावीकडे क्रियापदाची, उजवीकडे तुटलेल्या उपसर्गाची. वरून खाली दोन रेघा ओढल्या, एकीवर ‘मुख्य पद’ आणि दुसरीवर ‘तुटलेला उपसर्ग’ असे नाते नेमले. मग खालच्या दोन चौकटींमध्ये आडवी रेघ ओढली, म्हणजे आधी-नंतरचा क्रम. त्या आडव्या रेघेवर अंतरही नेमता येते. दोघांत कमीत कमी दहा शब्दांचे अंतर हवे असे मी सांगितले आणि शोधाचे बटण दाबले. झाडांमागून झाडे आली. मंत्र्यांची भाषणे, फुटबॉलचे सामने, संपाच्या बातम्या. आणि प्रत्येकात क्रियापद इकडे आणि त्याचा तुकडा दहा-पंधरा शब्द पलीकडे. अशी उदाहरणे मी तोवर हाताने कात्रणांतून वेचत होते.

या रेघा ओढणे दिसते तितके सोपे नाही, आणि त्यातच त्याचे मोल आहे. माझी पहिली चूक सांगते. जर्मनमध्ये कर्म वाक्याच्या तोंडाशी येऊ शकते: ‘डेन मान बाइस्ट डेअर हुंट’. मराठीत याचे भाषांतर करायला कष्ट पडत नाहीत, ‘माणसाला कुत्रा चावतो’ हे आपले रोजचेच वाक्य. पण जर्मन शिकणाऱ्या विद्यार्थिनीला जर्मनमध्ये ते उलटे वाटते. अशी वाक्ये काढायला मी कर्माची चौकट पडद्यावर डावीकडे ठेवली, क्रियापदाची उजवीकडे, आणि दोन्ही वरच्या वाक्याला जोडल्या. हजारो निकाल आले आणि त्यांतली बहुतेक साधी, कर्म नंतर येणारी वाक्ये होती. मी चौकट डावीकडे ठेवली एवढेच. आडवी रेघ ओढलीच नव्हती. न ओढलेली रेघ म्हणजे ‘काहीही चालेल’. ‘आधी’ हा संबंध आहे आणि तो वेगळा सांगावा लागतो, हे व्याकरण शिकवणाऱ्या मला त्या दिवशी नव्याने कळले.

दुसरी गोष्ट उभ्या रेघेची. ‘हिच्याखाली ती’ म्हणजे अगदी लगेच खाली, आई आणि मूल? की कितीही पिढ्या खाली, पणजी आणि पणतू? दोन्हींसाठी वेगळी रेघ आहे. लगेचची रेघ ओढली तर पोटवाक्याच्या पोटातला शब्द सुटतो. कितीही खालची ओढली तर नको ती दूरची नाती ओढली जातात. वर्गात मुलींना हे सांगताना मी घराण्याची उपमा वापरते आणि ती लगेच पोचते.

तिसरी गोष्ट सर्वांत बारीक. जर्मन झाडांत फांद्या एकमेकींना छेदतात. मराठीतच पाहा: ‘तो मुलगा आज शाळेत आला, जो काल पडला होता.’ ‘तो मुलगा’ आणि ‘जो काल पडला होता’ हे दोन्ही मिळून एक नामसमूह, आणि त्याच्या मधोमध ‘आज शाळेत आला’ बसलेले. टायगर संग्रहात असे वाक्य मोडून सरळ करत नाहीत. फांदी दुसऱ्या फांदीवरून नेतात. मग असा नामसमूह क्रियापदाच्या आधी आहे की नंतर? त्याची सुरुवात आधी, शेपूट नंतर. टायगरसर्च याचा निवाडा दोघांच्या डाव्या टोकावरून करते: ज्याचा पहिला शब्द आधी, तो आधी. हे ठाऊक नसेल तर आडवी रेघ ओढणारा फसतो. तुमची पोटवाक्ये शेवटी ढकललेली असतील तर आडवी रेघ समूहाला न जोडता थेट त्या पोटवाक्याच्या गाठीला जोडली पाहिजे. हे समजायला मला दोन दिवस लागले, आणि ते दोन दिवस मी कधी वाया गेले असे म्हणणार नाही.

आता मराठीकडे येते. आपल्याकडे शाळेत वाक्यपृथक्करण शिकवतात. उद्देश्य, उद्देश्यविस्तार, कर्म, कर्मविस्तार, विधानपूरक, विधेयविस्तार, क्रियापद, असा आडवा तक्ता. माझी भाची तो पाठ करते आणि पैकीच्या पैकी गुण मिळवते. पण तक्त्यात वाक्याचे तुकडे नुसते खणांत पडतात. कोणता तुकडा कोणाला लटकलेला आहे ते दिसत नाही, कारण रेघ नाही. मी तिला एका रविवारी तेच वाक्य झाडासारखे काढायला लावले. पेन्सिल हातात घेतल्याबरोबर तिला प्रश्न पडू लागले. ‘मावशी, हा शब्द याला जोडू की त्याला?’ तक्ता भरताना हा प्रश्न तिने कधी विचारला नव्हता.

चार वर्षांपूर्वी मी आणि माझ्या पाच जुन्या विद्यार्थिनींनी शनिवारी दुपारी माझ्या घरी बसून वर्तमानपत्रातल्या मराठी वाक्यांची झाडे काढायला सुरुवात केली. लांब वही, पेन्सिल, खोडरबर. एका शनिवारी हे वाक्य निघाले: ‘गुरुवारी शहराच्या पूर्व भागातील पाणीपुरवठा बंद ठेवण्यात येणार असल्याचे कळवण्यात आले आहे.’ सर्वांत वर ‘कळवण्यात आले आहे’. त्याच्याखाली ‘असल्याचे’, त्याच्या पोटात ‘बंद ठेवण्यात येणार’, त्याखाली ‘पाणीपुरवठा’, त्याला ‘भागातील’, त्याला ‘शहराच्या’ आणि ‘पूर्व’. इथवर सगळ्यांचे एकमत. मग ‘गुरुवारी’. ही रेघ कुठे न्यायची? पाणी गुरुवारी बंद, की कळवले गुरुवारी? दोघींनी खालच्या गाठीला जोडली, दोघींनी वरच्या. अर्धा तास वाद चालला. शेवटी आम्ही दोन झाडे काढून ठेवली. बातमी वाचून बादल्या भरणाऱ्या माणसाला ती रेघ कुठे जाते हे कळण्याची किती गरज असेल!

त्याच झाडात आणखी एक गोष्ट दिसली आणि ती माझ्या मनातून गेलेली नाही. पाणी बंद कोण ठेवणार? कळवले कोणी? दोन क्रिया, आणि करणारा एकीचाही नाही. ‘-ण्यात येणे’ ही आपल्या वर्तमानपत्री मराठीची मोठी सवय आहे. रस्ता खोदण्यात आला. निर्णय घेण्यात आला. झाडे तोडण्यात आली. ‘अटक करण्यात आली’ म्हटले की करणारे पोलीस, हे कुणालाही कळते. तिथे माझी काही हरकत नाही. पण ‘झाडे तोडण्यात आली’ इथे कोणी, हा प्रश्न नागरिकाचा आहे. ‘महापालिकेकडून’, ‘ठेकेदारातर्फे’ असा शब्द बातमीदार कधी घालतो आणि कधी घालत नाही, हे हजारो वाक्यांवर पाहता आले पाहिजे असे मला फार वाटते. माझ्या वहीतली अशी दोनशे वाक्ये त्याला पुरणार नाहीत.

आणि हा शोध चित्रात काढायला गेले की टायगरसर्चची एक मोठी मर्यादा समोर येते. मला हवे आहे: ‘येणे’ची गाठ, तिच्याखाली ‘-ण्यात’वाला शब्द, आणि तिच्याखाली ‘कडून’ किंवा ‘तर्फे’वाला शब्द नसलेला. रेघेला नकार लावता येतो, म्हणजे ‘ही हिच्याखाली नाही’. म्हणून नवखी व्यक्ती ‘कडून’ची चौकट काढते आणि तिच्यापर्यंत नकाराची रेघ ओढते. निकाल चुकीचे येतात. कारण चित्रात काढलेली प्रत्येक चौकट वाक्यात आहेच, असे ती प्रणाली धरून चालते. त्या चित्राचा अर्थ होतो, ‘कडून’ हा शब्द वाक्यात कुठेतरी आहे, फक्त या क्रियापदाखाली नाही. मला तर तो कुठेच नसलेली वाक्ये हवी आहेत. जी गाठ नाही तिची चौकट कशी काढायची? टायगरसर्चच्या चित्रात ती काढता येत नाही, आणि चिन्हभाषेतही तसे म्हणायची सोय नाही. प्रागच्या चार्ल्स विद्यापीठात झालेल्या शोधप्रणालीत ती सोय आहे: गाठीवर ‘शून्य वेळा’ असे लिहायचे. ‘ग्रू’ नावाच्या फ्रान्समधल्या प्रणालीत ‘याशिवाय’ असा वेगळा भाग जोडता येतो.

मराठीसाठी हे किरकोळ नाही. आपण कर्ता सदान्‌कदा गाळतो. ‘आलो’ म्हटले की ‘मी’ आलाच. ‘जेवलात का?’ यात ‘तुम्ही’ बोलायची गरज नाही. ज्या भाषेत इतके काही न बोलता सांगतात, त्या भाषेच्या झाडांवर ‘नसणे’ शोधता आलेच पाहिजे. शिवाय आपले प्रयोग! ‘आईने पोळ्या लाटल्या’ यात क्रियापद पोळ्यांप्रमाणे चालते. ‘शिक्षकांनी मुलांना शिकवले’ यात ते कोणाचेच ऐकत नाही. मोरो केशव दामल्यांपासून आजपर्यंत व्याकरणकार प्रयोगांविषयी वाद घालत आले आहेत, तेही बहुधा घरी रचलेल्या वाक्यांवर. कर्त्याच्या गाठीवर ‘ने’, कर्माच्या गाठीवर ‘ला’ नाही, क्रियापदाचे लिंग-वचन कर्माशी सारखे, अशा तीन चौकटी आणि दोन रेघा काढून खऱ्या मराठीला विचारता आले तर तो वाद किती वेगळा होईल.

तशी मराठी झाडे आहेत का? आहेत, पण फार थोडी. जगभरच्या भाषांसाठी एकाच पद्धतीने वाक्ये चिन्हांकित करण्याचा ‘युनिव्हर्सल डिपेंडन्सीज’ हा प्रकल्प आहे. त्यात मराठीचा एक संग्रह २०१७ साली आला. ज्याने हे काम केले त्याचे आभार मानावेत तेवढे थोडे. पण त्यात पाचशेही वाक्ये नाहीत, आणि बहुतेक मजकूर विकिस्रोतावरच्या गोष्टींचा आहे. त्याच प्रकल्पात हिंदीची सोळा हजारांहून अधिक वाक्ये आहेत. त्या हिंदी कामाचे मूळ हैदराबादच्या आयआयआयटी या माहिती-तंत्रज्ञान संस्थेत आहे, आणि तिथे फांद्यांवरची नाती पाणिनीच्या कारकांवरून नेमलेली आहेत. ‘के-वन’ म्हणजे कर्ता, ‘के-टू’ म्हणजे कर्म. म्हणजे ज्ञान आपल्या शेजारी आहे, पद्धत आपल्याच परंपरेतली आहे. कमी आहेत ती वाक्ये.

संपादक महोदय, आता माझे मागणे. टायगर संग्रहातली वाक्ये आली कुठून? ‘फ्रांकफुर्टर रुंडशाउ’ या फ्रांकफुर्टच्या दैनिकातून. प्रागचा चेक वाक्यसंग्रह प्रामुख्याने तिथल्या वृत्तपत्रांच्या आणि नियतकालिकांच्या मजकुरावर उभा आहे. अमेरिकेतला प्रसिद्ध इंग्रजी संग्रह १९८९ सालच्या ‘वॉल स्ट्रीट जर्नल’च्या सुमारे दहा लाख शब्दांवर. हैदराबादच्या हिंदी झाडांखालीही प्रामुख्याने बातम्याच आहेत. वृत्तपत्रात राजकारण, पाऊस, बाजारभाव, खेळ, मृत्यू, लग्न, सगळे येते, आणि ते रोज नव्या वाक्यांत येते. म्हणून इतके देश वृत्तपत्रांकडे गेले. मराठीत अजून कोणी गेलेले दिसत नाही. किंवा गेले तर दार उघडले नसेल: मी स्वतः तीन वर्षांपूर्वी एका दैनिकाला अशी परवानगी मागणारी दोन पत्रे लिहिली, एकाचेही उत्तर आले नाही. आपल्याला लिहिते आहे ते आपण उत्तर द्याल या विश्वासाने.

आपण आपल्या जुन्या अंकांतली दहा हजार वाक्ये मोकळी करावीत. सगळा अंक नको. वृत्तसंस्थांकडून आलेला मजकूर आपला नसतो, तो वगळा. फक्त आपल्या बातमीदारांनी, स्तंभलेखकांनी लिहिलेला घ्या. वाक्ये क्रम मोडून, इकडची तिकडे करून द्या, म्हणजे कुणाला मूळ बातमी पुन्हा जुळवता येणार नाही आणि आपल्या संग्रहाच्या विक्रीला धक्का लागणार नाही. सामान्य माणसांची नावे बदलून द्या. ‘कोणीही वापरावीत’ असे लेखी म्हणा. नुसती अग्रलेखांची चांगली वाक्ये देऊ नका. जिल्हा पानावरची, घाईत रात्री अकराला लिहिलेली, ‘असल्याचे कळवण्यात आले आहे’वाली वाक्येही द्या. आम्हाला तीच जास्त हवी आहेत. आणि वाचकांची पत्रे जरूर द्या; त्यात माणसे कर्ता गाळत नाहीत असे मला नेहमी वाटत आले आहे, ते खरे की खोटे तपासता येईल.

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आपण पहिल्या पानावर मोठा मथळा दिला होता. तो अंक मी जपून ठेवला आहे. त्या आनंदात मीही होते. दर्जा दोन हजार वर्षांपूर्वीच्या वाक्यांना मिळाला. मी मागते आहे ती मागच्या वर्षीची.

काम कोण करणार, असे आपण विचाराल. आमच्या शनिवारच्या गटात आता नऊ जणी आहेत. दोघींनी एकाच वाक्याचे स्वतंत्रपणे झाड काढायचे, मग शेजारी ठेवून फरक पाहायचा, वाद घालायचा आणि निवाडा टिपून ठेवायचा, ही सगळीकडची रीत आम्ही पाळतो. एका शनिवारी पंधरा वाक्ये होतात, कठीण असली तर आठ. महाविद्यालयांतले मराठीचे आणि संस्कृतचे प्राध्यापक हाताशी आले तर वेग वाढेल. आपल्या संपादन विभागातले कुणी महिन्यातून एकदा येऊन बसले तर मला फार आनंद होईल, कारण ‘गुरुवारी’ची रेघ कुठे न्यायची हे ज्याने वाक्य लिहिले त्याला विचारता येईल.

वाक्यांची वही घेऊन आपल्या कार्यालयात यायची माझी तयारी आहे. बुधवार आणि शुक्रवार सकाळी अकरापर्यंत माझे वर्ग असतात, इतर दिवशी केव्हाही बोलवा. ‘गुरुवारी’ची दोन्ही झाडे सोबत आणीन.

कळावे,
आपली नियमित वाचक,
एक जर्मन शिक्षिका, कोथरूड, पुणे